टेन्शन ढिला कर

आषाढात वेंगुर्ल्यात लाइट गेली की कधी येणार हे कोणी विचारत बसत नाही, आणि अशा वेळी पडवीत बसून करायला बरं काम म्हणजे कुलूप उघडणं, अर्थात किल्लीशिवाय. घाबरू नका, स्वतःच्या पैशाने मागवलेलं सरावाचं कुलूप आहे, कुठल्या दाराला लावलेलं नाही. या छंदात नियम दोनच: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, आणि रोजच्या वापरातल्या कुलपावर प्रयोग करायचे नाहीत, कारण ते बिघडलं तर पावसात बाहेर आपणच.

पहिलं कुलूप पारदर्शक होतं, आतलं सगळं दिसायचं. एका भोकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग, अशा सहा जोड्या. किल्लीचे दात प्रत्येक जोडीला एवढंच उचलतात की दोन पिनांमधली फट बरोब्बर गाभ्याच्या (म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या भागाच्या) कडेला येते आणि गाभा फिरतो. कल्पना तशी जुनीच, पार इजिप्तमधल्या लाकडी कुलपांपासूनची, पण आपल्या खिशातली चपटी किल्ली अमेरिकेतल्या लायनस येल धाकट्याची, १८६० च्या दशकातल्या पेटंटची. किल्ली नसेल तर काय करायचं, एक वाकडी पट्टी घालून गाभ्यावर हलका ताण ठेवायचा (याला सगळेच टेन्शन म्हणतात), भोकं कधीच अगदी एका ओळीत नसतात त्यामुळे एक जोडी आधी अडकते, तिला आकड्याने उचललं की टिक, मग पुढची अडकते. दहा मिनिटांत उघडलं. दोन दिवस मी घरात जरा ताठच चालत होतो.

मग दुसरं आलं, पितळी. बाहेरून तसंच, पण यात वरच्या पिना साध्या नाहीत, डमरूसारख्या, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद. एक टिक, दोन टिक, आणि अचानक गाभा थोडासा फिरतो, मनात म्हटलं झालं, उघडलं! कसलं काय. डमरूची कंबर नेमकी कडेशी येते, तिथे जागा मिळते म्हणून गाभा तेवढा फिरतो आणि तिथेच थांबतो. फॉल्स सेट म्हणतात याला. साधं कुलूप उघडत नसेल तर सरळ उघडत नाही, हे उघडल्यासारखं करतं, म्हणजे मुंबईच्या पाहुण्याचं ‘येतो हं नक्की’ असतं ना तसंच. मी पट्टी आणखी जोरात दाबायचो. पाच दिवस दाबली. पट्टी वाकली पण कुलूप काही हललं नाही.

त्यात पत्र्यावर पाऊस. एरवी टिक ऐकू येते, त्या आवाजात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही तिथे पिनेचं काय ऐकणार. पण त्यामुळेच असेल, बोटं हळूहळू जास्त शहाणी झाली. अडकलेली पिन घट्ट लागते, न अडकलेली स्प्रिंगवर नुसती नाचते, आणि डमरू उचलायला गेलं की गाभा पट्टीला उलटा ढकलतो, अगदी किंचित. हे उलटं ढकलणं मला आपली चूक वाटायची. खरं म्हणजे डमरू नेमकं कुठे आहे ते तिथेच कळतं.

सुटली ती गाठ आईमुळे. आईचं शिलाई मशीन पडवीतच असतं. मी एक सुटी पिन हातावर घेऊन दाखवली तर म्हणाली, “ह्यां तर रीळ!” बरोबरच होतं की, इंग्रजीतही तिला स्पूलच म्हणतात. मग माझा हात बघून म्हणाली, “टेन्शन ढिला कर. येवढा ओढलंस तर दोरो तुटतलो.” तिला मशीनवरचा तो गोल स्क्रू म्हणायचा होता, माझ्या कुलपाशी तिला काही देणंघेणं नाही. पण मी पट्टी इतकी सोडली की बोटाला फक्त तिचं वजन लागत होतं, गाभा मागे सरकू दिला, डमरूची खालची कड सुटली, पिन वर गेली. आधी बसवलेल्या दोन धपकन खाली पडल्या, त्या परत बसवल्या. रात्री साडेअकराला गाभा पूर्ण फिरला आणि मी एकटाच ओरडलो. आई झोपली होती, तिने तिथूनच काहीतरी शिवी दिली.

त्यानंतर आईने वाडीभर सांगून टाकलं, “माझो झील आता कुलपां उघडता.” त्याचं काय होणार ते गणपतीत कळलं. शेजारचं घर वर्षभर बंद, माणसं मुंबईला, पुढच्या दाराच्या कुलपावर पावसासाठी ट्यूबचा तुकडा ठोकलेला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळे आले आणि किल्ली तिकडे फ्लॅटवरच राहिली. आत जायला अडचण काहीच नव्हती, मागच्या दाराला नुसती सुतळी बांधलेली होती, पण काकी म्हणाल्या, “गणपती काय मागच्या दारान आणूचो?” मग मला बोलावणं.

मी आकडे, पट्ट्या घेऊन ऐटीत गेलो. ट्यूब वर केली आणि भोक बघितलं तर चपट्या किल्लीचं नाही, सात लिव्हरचं जुनं कुलूप! त्यात पिनाच नसतात, आत सात पत्र्या असतात आणि किल्ली प्रत्येकीला ठरलेल्या उंचीवर उचलते. माझं सगळं शिक्षण तिथे बाद. मनातल्या मनात हॉब्ज आठवला, अमेरिकन माणूस, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी त्याने चब कंपनीचं लिव्हरचं कुलूप २५ मिनिटांत उघडलं होतं, तेही असं कुलूप की लिव्हर जरा जास्त उचलली तर ते स्वतःच अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कोणीतरी हात घातलाय. ब्रामा या दुसऱ्या कंपनीच्या कुलपाला मात्र त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. माझ्याकडे मूर्ती यायला एक रात्र होती आणि मागे बारा माणसं उभी, त्यातला एक सारखा टॉर्च माझ्या डोळ्यांवर मारतोय.

अर्धा तास खटपट केली. आत वाळू, गंज आणि कोणीतरी कधीतरी ओतलेलं खोबरेल, त्याचा झालेला चिकटा (कुलपात खोबरेल घालू नका हो, पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला). शेवटी वैतागून कुलूप नुसतं हलवलं, तर कोयंडाच हातात आला. चौकट वाळवीने आतून खाल्लेली होती.

दार उघडलं, लोक हसले, काकींनी मला करंज्या दिल्या. सुताराने दुपारी नवीन कोयंडा ठोकला. जुना कोयंडा कुलपासकट माझ्या टेबलावर आहे, अजून बंदच.