दहाचे अकरा

चैत्रातल्या एका रणरणत्या दुपारी गिरणीतून दळून आणलेल्या मालदांडी ज्वारीची दहा किलोंची पिशवी हातात घेऊन मी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरलो, चौथ्या मजल्याचे बटण दाबले आणि लिफ्ट निघताक्षणी पिशवीचे बंद बोटांत रुतले. पिशवी खाली ठेवता आली असती. पण लिफ्टमध्ये पीठ टेकवायचे नाही, असा माझा एक हट्ट आहे आणि त्याला काहीही कारण नाही. क्षणभरात बोटे सैलावली. चौथा मजला जवळ येताच तर पिशवी इतकी हलकी झाली की, गिरणीवाल्याने पीठ काढून घेतले की काय, अशी शंका आली.

गिरणीवाला निर्दोष होता. लिफ्ट वर जाताना वेग घेते, तेव्हा हाताला पिशवी नुसती पेलायची नसते, तिला वेगही द्यायचा असतो. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेला दुसरा नियम तेवढेच सांगतो : निव्वळ बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण (वेग बदलण्याचा दर). लिफ्टचे त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ च्या जागी १०.८ येतात आणि दहा किलो हाताला अकरा वाटतात, थांबताना ८.८ उरतात, म्हणजे हाताला जेमतेम नऊ किलो. मधल्या एकसारख्या वेगात मात्र दहाचे दहाच. आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, पाळणा वरून खाली येऊ लागला की पोटात खड्डा पडतो, तोही याच हिशेबातला.

हा हिशेब माझ्या आजीला न्यूटनशिवाय ठाऊक होता. साखर पेठेतल्या आमच्या वाड्यात महिन्यातून एकदा रद्दीवाला येई. सुतळीने बांधलेला ‘संचार’चा गठ्ठा तो आकड्याच्या स्प्रिंग काट्याला अडकवी, काटा हातात उंच धरी आणि नेमका आकडा वाचायच्या वेळी हात जरासा खाली सोडी. हात खाली झुकत वेग घेई तेवढा वेळ स्प्रिंगवरचा ताण उतरे, काट्याची सुई अर्धा-पाऊण किलो मागे सरके आणि त्याच क्षणी ‘साडेपाच’ असे ओरडून तो गठ्ठा जमिनीवर टेकवी. हात थांबताना सुई उसळून पुढे जाते, हे पाहायला तो कोणाला सवडच ठेवत नसे. आजी उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत असे. तिथून न उठता ती म्हणे, “हात हलवू नको बाबा, कडीला अडकीव काटा.” दाराच्या कडीला टांगलेला गठ्ठा दोन हेलकावे घेऊन स्थिर झाला की तो हमखास सहा किलोंच्या पुढे भरे. रद्दीवाला हसे, आजी हसत नसे.

तिचा विश्वास तागडीवर होता, आणि आता वाटते की तो अगदी योग्य जागी होता. स्प्रिंग काटा बल मोजतो, म्हणून तो हाताच्या झोलाला फसतो. तागडीचे तसे नाही. ती लिफ्टमध्ये टांगली, तर एका पारड्यातले पीठ जितक्या पट जड होईल तितक्याच पट दुसऱ्या पारड्यातली मापेही जड होतील आणि दांडी आडवीच राहील. ज्याला चाळीस पायऱ्या चढवत नाहीत त्याच्या गुडघ्यांना मात्र असे दुसरे पारडे नसते. लिफ्ट निघताना त्यांना अकराच भरून घ्यावे लागतात.

परवा आमच्याकडे रद्दीवाला आला, तर त्याच्याजवळ जमिनीवर ठेवायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. हात खाली सोडायची सोयच त्यात नाही. हा काटा लिफ्टमध्ये ठेवून रद्दीसकट एकदा वर-खाली जाऊन यायचे का, असे मी त्याला विचारले. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग जिन्याकडे पाहिले आणि साडेचौदा किलोंचे पैसे माझ्या हातावर ठेवले. भाव काय लावला, हे विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.