आमची वाटचाल : तंगूसापासून पांगाऱ्याच्या लूरपर्यंत

मागच्या रविवारी काउंटरवर एक मुलगा आला, कळव्याचा असावा. आमचा चार इंची मिनो (गळाला लावायचा लाकडी खोटा मासा, म्हणजेच लूर) हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, दादा ह्याचे साडेचारशे कशाला, सेम टू सेम पीस पुढे एकशेऐंशीला मिळतोय. त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला माहीतच नाही. पण हे वाक्य मी २०१३ पासून ऐकतोय आणि अजून पोटात कालवतं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

दुकान वडिलांचं. चेंदणी कोळीवाड्याजवळ दहा बाय आठचा गाळा, ठाणे पूर्व. माल काय तर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), शिसं, गऱ्या (गळाचे आकडे), जाळ्याचा दोरा, बोया. गिऱ्हाईक म्हणजे कोळीवाड्यातले लोक आणि संध्याकाळी कंपनी सुटली की खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणारे. चाळीस नंबर, पन्नास नंबर एवढं बोललं की वडील न बघता मागच्या फळीवरून रीळ काढायचे. पुढे खाडीचं पाणी काळं होत गेलं, कोळंबीला घासलेटचा वास यायला लागला, गरवणारे कमी झाले. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा दिवसाचा गल्ला बघून वडील एकदा म्हणाले होते की तू स्टेशनरी भर, वह्यापुस्तकं कायम लागतात. मी भरली नाही.

याला कारण बोसनकाका. हे जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, राहायला नेरूळला, मूळ रत्नागिरीकडचे. सहा महिने जहाज आणि घरी आले की रोज पाणी, मग पाऊस असो की ऊन. १९९६ च्या दिवाळीत ते एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन दुकानात आले. जहाज ह्यूस्टनला लागलं होतं, तिथल्या दुकानातून घेतलेला. डबा उघडला आणि मी बघतच राहिलो. आत खण, खणात क्रँकबेट, स्पिनरबेट असे लूर, रबरी गांडुळं आणि पोकळ रबराचा एक हिरवा बेडूक, त्याच्या पाठीला चिकटलेल्या दोन गऱ्या. काका म्हणाले, "अरे हे बास माशाचं सामान आहे. तिकडे लोक फक्त ह्या एका माशासाठी बोटी घेतात, ठेव तुझ्याकडे, बघ काय जमतं ते."

आता तो बास, म्हणजे लार्जमाउथ बास, आपल्याकडे नाही. तो अमेरिकेचा मासा, पुढे जपानमध्ये नेला गेला. त्याचा जागतिक विक्रम जॉर्जिया राज्यातला, १९३२ चा, २२ पौंड ४ औंस, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली. हे सगळं मला काकांनी आणलेल्या मासिकांतून कळलं. मासिकं इंग्रजी, डिक्शनरी घेऊन वाचायचो. पण त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. बास जसा गवताच्या, लाकडाच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि तोंडासमोरून काही गेलं की उडी घालतो, तशीच आपली मरळ आणि तसाच आपला जिताडा. जिताड्याला तर इंग्रजीत एशियन सी बासच म्हणतात. तो हिरवा बेडूक घेऊन आम्ही दोघं मुरबाडच्या बाजूला एका गावतळ्यावर गेलो, पाण्यावर कमळाची पानं, जिथे साधा गळ टाकला की पानात अडकलाच. बेडकाच्या गऱ्या पाठीला चिकटून असतात म्हणून तो पानावरून सरकत जातो, मासा चावला की अंग दबतं आणि गऱ्या बाहेर येतात. तिसऱ्या फेकीला पान फुटल्यासारखा आवाज झाला. मरळ पावणेदोन किलो. एक सांगतो, बेडकावर मरळ आली की लगेच झटका मारू नका, एक-दोन म्हणा, दोरी ताणली गेली की मग मारा. नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात आणि बेडकाला नावं ठेवतात.

पण बाहेरचं सामान आणायचं किती आणि कुठून? आणि बासची क्रँकबेट खाडीत चालेना. ती तिकडच्या तलावासाठी केलेली, आपल्या खाडीत गढूळ पाणी, वर ओढ. गऱ्या बारीक, जिताड्याने एका झटक्यात सरळ केल्या. तेव्हा सुतारमामा भेटले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे करणारे. कारखाना बंद पडला, मामा घरी. त्यांच्या हातात असा हिशेब होता की अर्धा मिलीमीटर इकडचा तिकडे झाला तरी बोटाने कळायचं. मी त्यांना क्रँक दाखवली, त्यांनी ती चोवीस तास ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हे सागवानात नको, पांगारा आण." पांगारा म्हणजे ज्याची सावंतवाडीची खेळणी करायचे ते हलकं लाकूड. फिनलंडच्या लॉरी रापाला ह्या मच्छीमाराने १९३६ मध्ये पहिला लूर बुचाच्या लाकडातून कोरला होता, वर चॉकलेटची चांदी आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून केलेला लेप. ते वाचलं तेव्हा मामांना सांगितलं, मामा म्हणाले, मग आपण काही वेगळं करत नाहीये, बरोबर करतोय.

करायची रीत सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. पांगाऱ्याची फळी सावलीत वर्षभर वाळवायची, ओली वापरली तर रंगाखाली तडकते. ११० मिलीमीटरचा तुकडा, पोटाकडून करवतीने चीर. त्या चिरेत तोंडापासून शेपटीपर्यंत स्टेनलेसची एकच अखंड तार, तिलाच वळवून तिन्ही कड्या. ही तार म्हणजे लूरचा जीव आहे, लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो. पोटात शिसं, तेही वडिलांच्याच साच्यात ओतलेलं. मागच्या बाजूला छोट्या पितळी नळीत तीन छर्रे, कारण आपल्या गढूळ पाण्यात मासा डोळ्याने कमी आणि अंगावरच्या रेघेने जास्त ओळखतो, त्याला थरथर लागते. मग चांदीचा कागद कानशीवर दाबून त्याला खवल्यांची नक्षी, वर रंग, वर इपॉक्सीचे चार कोट. कोट ओघळू नये म्हणून लूर फिरता ठेवावा लागतो, त्याला आम्ही गणपतीच्या मागे फिरणाऱ्या चक्राची मोटर लावलीय, अजून तीच आहे. कल्ल्यामागे तीन ठिपके माझी बायको टाचणीच्या डोक्याने देते. शेवटी प्रत्येक पीस सात फुटी पत्र्याच्या पन्हळीत पाणी सोडून ओढून बघायचा. डावीकडे जायला लागला तर पुढची कडी पक्कडीने किंचित उजवीकडे, किंचित म्हणजे नजरेला दिसणार नाही इतकी. हे तुम्हीही करू शकता, कुठल्याही कंपनीच्या लूरला.

मधली दहाएक वर्षं बरी गेली. उरण, पेण, अलिबाग, वसई सगळीकडे अकरा दुकानांत माल जायचा. खारेपाटातले जिताड्याचे तलाववाले फोन करून मागवायचे.

आता मुद्द्याचं. आम्ही रील (दोरी गुंडाळायची चकरी) आणि ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, एका मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचो. सात वर्षांचा व्यवहार, घरी जेवायला आलेला माणूस, बायकोच्या हातचं जिताड्याचं कालवण खाल्लेला. २०१२ च्या शेवटी तो म्हणाला, दक्षिणेत माझे डीलर आहेत, सॅम्पल द्या, मोठी ऑर्डर काढतो. चाळीस पीस दिले, सगळ्या रंगांत, बिल न करता. वर त्याच्याच सांगण्यावरून पतपेढीचं सहा लाखांचं कर्ज काढलं, पांगारा घेतला, गऱ्या घेतल्या, दोन पोरं कामाला ठेवली. ऑर्डर आज येते उद्या येते. पाच महिन्यांनी आला तो माल. म्हणजे आमच्याकडे नाही, बाजारात. आमचाच मिनो, प्लॅस्टिकमध्ये ओतलेला, तोच आकार, तेच पाच रंग, आणि कल्ल्यामागे तीन ठिपके. माझ्या बायकोने टाचणीने दिलेले ठिपके साच्यात घातले होते त्यांनी. एक ठिपका ती नेहमी जरा खाली देते, सवयच तिची, तोसुद्धा तस्साच खाली. ती ते पीस हातात घेऊन बराच वेळ बसली होती, काही बोलली नाही.

भाव पाडून विकतात ते एक वेळ सहन केलं असतं, धंदा आहे. पण तो माल कच्चा होता. आत अखंड तार नाही, कड्या नुसत्या स्क्रूने बसवलेल्या, रिंग दोन फेऱ्यांत गंजणाऱ्या. गायमुखला एका गिऱ्हाइकाचा मोठा जिताडा पोटाची कडीच उपटून गेला आणि त्याने तुटलेल्या लूरचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली आमच्या दुकानाचं नाव. ठिपके बघून सगळ्यांना वाटलं आमचाच. महिन्याभरात अकरापैकी नऊ दुकानांनी माल परत पाठवला. खोके इतके आले की गाळ्यात उभं राहायला जागा नाही. मी त्या व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, लाकडाचा मासा काय तुमच्या एकट्याचा आहे का. वकिलाकडे गेलो, त्यांनी विचारलं डिझाइन रजिस्टर केलंय का, सॅम्पल दिल्याची पावती आहे का. दोन्ही नाही. म्हणून सांगतो, जे कोणी हाताने काही बनवत असाल त्यांनी, माल बाजारात उतरवायच्या आधी डिझाइन नोंदवा, नंतर जमत नाही, आणि समोरचा कितीही घरचा असला तरी सॅम्पलचं चलन फाडा, सही घ्या.

ते वर्षभर हप्ते कसे भरले ते मलाच माहीत. दोन्ही पोरांना सोडावं लागलं. मामा पगार न घेता यायचे, सकाळी नऊला यायचे, काम नसलं तरी पटाशीला धार लावत बसायचे.

मग एका रविवारी बोसनकाका आले, तेव्हा जहाज सोडून घरीच असायचे. हातात ताणकाटा, लोखंडी हुकवाला, पंचवीस किलोचा. म्हणाले, "खोके उघड. आणि तो दुसऱ्याचा पण दे एक." दुकानासमोर दोन लूर ठेवले, समोर आठ-दहा गरवणारे उभे, त्यातले चार तरी तेच, ज्यांनी आमच्याबद्दल ग्रुपवर लिहिलं होतं. काकांनी नकलेची कडी ताणकाट्याला अडकवली आणि ओढली, सहा किलोला गरी सरळ झाली, दुसरी गरी लावून परत ओढली तर नवाच्या आत कडी उपटून आली. मग आमचा. दहा, पंधरा, अठरा. अठराला गरी उघडायला लागली, तार जागची हलली नाही. काका कोणाला काही बोलले नाहीत, ताणकाटा पिशवीत टाकला आणि माझ्याकडून दोन लूर विकत घेतले, पूर्ण पैसे देऊन. मी नको म्हणत होतो तर म्हणाले, "गिऱ्हाईक आहे मी, बिल कर." त्या दिवशी सतरा पीस गेले. ती बिलबुकाची पानं मी ठेवलीयत.

कर्ज २०१८ ला फिटलं. नऊपैकी पाच दुकानं परत आली, चार अजून तो दुसराच माल विकतात, विकू देत. लॉकडाऊननंतर नवीन पोरं भरपूर आली ह्या नादात, धंदा वाढला, पण त्यांना शिकवणारं कोणी नाही म्हणून दुकानात आलेल्याला मी थांबवून सांगतो, काहींना राग येतो. दोरी कितीही महागाची घ्या, पुढे चाळीस-पन्नास पौंडाचा लीडर, म्हणजे लूरजवळचा जाड दोरीचा तुकडा, लावा, जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण सुरीसारखं असतं, ब्रेड एका घासण्यात जाते. ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की रील किती ताणाला दोरी सोडेल ते, घरून निघतानाच काट्यावर लावून बघा. रील खाऱ्या पाण्यावरून आलं की ओल्या फडक्याने पुसा, नळाखाली जोरात धरू नका, मीठ आत जातं. भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही, तिथीला पाऊणने गुणा, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, हे मुंबईचं झालं, ठाण्यात पाणी त्याहून उशिरा भरतं. सुकती (ओहोटी) लागली की खाजणाच्या उघाडीशी, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या दारापाशी, उभे राहा, पाण्याबरोबर बोय मासा आणि कोळंबी बाहेर ओढली जाते आणि जिताडा तोंड वर करून तिथेच असतो. ऐरोली ते वाशी पट्ट्यात जाऊ नका, २०१५ पासून ते फ्लेमिंगो अभयारण्य आहे. आणि जिताडा लहानपणी नर असतो, मोठा झाला की मादी होतो, म्हणजे तुमच्या फोटोतला दहा किलोचा जो आहे ती अंड्यांची मादी आहे. पावसाळ्यात तरी सोडा तिला. खायला दोन-तीन किलोचा चवीला जास्त चांगला.

मामांचे हात आता थरथरतात, कोरायचं काम त्यांचा नातू करतो, मामा फक्त पन्हळीजवळ बसून पास-नापास सांगतात. तीन ठिपके बायकोने बंद केले नाहीत. मी म्हटलं होतं बदलूया, तर म्हणाली त्यांनी चोरले म्हणून मी का बदलू. फक्त आता शेवटच्या कोटाखाली पोटावर शाईने नंबर असतो, तो चोपडीत तारखेसकट लिहिलेला असतो, कुठलाही पीस घेऊन या, कोणी कोरला आणि कधी विकला ते दाखवतो.

त्या कळव्याच्या मुलाला मी ताणकाटा काढून दाखवला. त्याने घेतला एक, नंबर ३१४२.

पावसाळ्यात आम्ही कोट मारत नाही, हवेतल्या ओलाव्याने इपॉक्सीवर पांढरी साय धरते, त्यामुळे नवा लॉट दसऱ्याच्या आसपास. तोवर कपाटात सव्वीस पीस आहेत, त्यातले दोन बोसनकाकांसाठी बाजूला काढलेत, ते सोडून बाकीचे मिळतील. पौर्णिमा आणि अमावास्येला सकाळी दुकान बंद असतं.