बोअर पुनर्भरण : तिसऱ्या पावसाळ्यातली नोंद

रविवारी पहाटे 38 मि.मी. पाऊस झाला. स्लॅबवरचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडायला बोअरभोवती जो खड्डा केलाय, त्याच्यापाशी गेलो तर वाळूवर हातभर पाणी तुंबलेलं, जास्तीचं ओढ्याकडे वाहत होतं. जीव हळहळला.

आमचा स्लॅब 110 चौरस मीटरचा. एका चौरस मीटरवर 1 मि.मी. पाऊस म्हणजे 1 लिटर, म्हणजे सकाळी साधारण 4,180 लिटर पडलं. थोडं भिंतींवरून गळालं, उडालं, तरी साडेतीन हजार हाती लागायला हवं होतं.

बादल्यांनी पाणी उपसून खुरपीनं वाळू खरवडली. वर बोटभर जाडीची तांबूस, चिकट साय धरली होती. हातात घेतली तर ओल्या पापडासारखी दुमडली. कारण सापडलं. जूनमध्ये आठवडाभर गावाला होतो आणि पहिल्या सरी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह बंदच राहिला. उन्हाळाभर स्लॅबवर साचलेली धूळ आणि कबुतरांची घाण थेट खड्ड्यात आली. वाळूनं ती अडवली, हे मोठं नशीब. आमच्या पुरंदर तालुक्यात (जि. पुणे) खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. भेगेतून जाताना पाणी गाळलं जात नाही, आणि भेग गाळानं बुजली की मोकळी करणं महाकठीण. म्हणून केसिंगला, म्हणजे बोअरच्या बाहेरच्या पाइपला, छिद्रं फक्त खड्ड्याच्या तळच्या चार फुटांत पाडलीत, त्यावर नायलॉनची जाळी दोन पदरी गुंडाळली आहे. वरचा पाइप अखंड. पाणी वाळू, बारीक खडी, जाड खडी, दगडगोटे असं उतरल्याशिवाय बोअरमध्ये जाताच कामा नये. रस्त्याचं किंवा गोठ्याकडचं पाणी तर कुणी बोअरला जोडूच नका, अगदी कळकळीनं सांगतो.

पातळी रात्रभर मोटार बंद ठेवून सकाळी दोरीनं मोजतो. 1 जूनला पाणी 142 फुटांवर होतं, आज 96 वर. सगळं श्रेय खड्ड्याला देत नाही. शेजारच्या बोअरला पुनर्भरण नाही, तरी तीही 30 फूट वर आली आहे. मधला फरक किती टिकतो ते मार्चमध्ये कळेल, तो आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचं, म्हणजे गावानं मिळून पाणी सारखं वाटून घेण्याचं, काम उभं केलं. लहानपणापासून ते ऐकत आलोय, त्यामुळे वाया गेलेली प्रत्येक बादली टोचते.

आता खड्ड्याआधी विटांची दोन कप्प्यांची गाळटाकी बांधतोय. वाळू चार पाण्यांनी धुऊन परत पसरली. काल 12 मि.मी. पडला, आधी व्हॉल्व्ह उघडून पहिलं पाणी बाहेर सोडलं, मग खड्ड्याकडे वळवलं. पाऊस थांबल्यावर पंचवीस मिनिटांत वाळू उघडी पडली.