मामा, मेलं का गवत?

जानेवारीतल्या थंडीच्या लाटेत पेपरात ग्वाल्हेरचं किमान तापमान तीन अंश छापून आलं, त्या सकाळी आमच्या चाऱ्याच्या प्लॉटवर अंजन गवताच्या पात्यांवर दव गोठलं होतं. लोकांना याचं नवल वाटतं. वेधशाळेचा तापमापक छातीएवढ्या उंचीवर, पेटीत असतो; निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री गवतालगत त्याहून काही अंश कमी भरतं. त्यात जड गार हवा खोलगटात जाऊन बसते, आणि प्लॉटची नाल्याकडची बाजू नेमकी खोलगट आहे.

"साहब, घास तो गई. पाला मार गया," माळी म्हणाला. पाला म्हणजे हिंदीत गोठलेलं दव. ऊन चढलं तशी पाती उकडलेल्या भाजीसारखी लुळी पडली.

दुपारी अमेरिकेतल्या टूसॉनहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो तिथे सुट्टीत टेकड्यांवर जाऊन हेच गवत कुदळीनं उपटतो. आपण गुरांसाठी मुद्दाम लावतो त्याच अंजनाचं आफ्रिकेतलं वाण अमेरिकेनं गेल्या शतकात चाऱ्यासाठी आणि जमिनीची धूप थांबवायला नेलं. आता सोनोराच्या वाळवंटात ते निवडुंगांमधली मोकळी जमीन भरून टाकतं, वाळतं आणि पेटतं. तिथल्या सग्वारो या उंच निवडुंगाला आगीची सवयच नाही.

"मामा, मेलं का गवत? मग एकदा कडाका पडला की आम्हीही सुटलो!"

"थांब, तुला दाखवतो."

खुरप्यानं एक जुना ठोंब उपटला आणि बुडखा चाकूनं उभा चिरला. वरची पाती गेलेली, पण आत पांढरं, टणक, ओलसर. एका पेरापाशी बारीक हिरवट कोंब. मग खोलगटातली रोपं दाखवली, परतीच्या पावसावर उगवलेली. चिमटीत धरताच हातात आली, बुडाशी काळपट लगदा.

खरी गोम इथे आहे. अंजन उन्हाळी गवत, सी-४ गटातलं, म्हणजे उष्ण हवेत जोमानं अन्न बनवणारं. गारठ्यात त्याचं अन्न बनवणं मंदावतं आणि वाढीचे महिने कमी होतात. गोठलेलं पाणी पात्यांच्या पेशी फोडतं, पण मातीच्या आडोशाला असलेला जुना बुडखा बऱ्याचदा वाचतो. कोवळ्या रोपाला तो आडोसाच नसतो. बी वाऱ्यावर कितीही लांब गेलं तरी रोप हिवाळा काढू शकलं नाही तर गवताची हद्द पुढे सरकत नाही. टूसॉनला जुने ठोंब उपटायची मेहनत थंडी वाचवणार नाही, असं भाच्याला स्पष्टच सांगितलं. उलट रात्री उबदार होत गेल्या तर डोंगरात वर चढायला गवताला वाट मोकळी.

माळ्याला म्हटलं, नांगर घालू नकोस, वाळलेलं कापून घे. खोलगटात मात्र पावसाळ्यात पुन्हा बी टाकू.

भाचा जरा वेळ गप्प होता. "आमच्याकडे दक्षिणेच्या उबदार उतारांवरच जास्त आहे रे," तो म्हणाला. "म्हणजे उत्तरेकडच्या उतारावर रोपं टिकायला लागलीत का, ते आधी बघायला हवं."