म्यूट केले, तरी लॅपटॉप दमलेलाच

गेल्या मे महिन्यात एका मंडळाच्या लेझीमगीताचे ध्वनिमुद्रण सोलापूरच्या पूर्व भागातील माझ्या खोलीत चालू होते. शेजारचे यंत्रमाग थांबल्यावर, म्हणजे रात्री दहानंतर, आम्ही बसलो होतो आणि आवाज माइकमध्ये शिरतो म्हणून पंखाही बंद ठेवला होता. तेवढ्यात हेडफोनमध्ये फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड सुरू झाली. गायक काकांनी हेडफोन काढून विचारले, "अहो, माझा आवाज फाटतोय का?" त्यांचा आवाज ठणठणीत होता, धाप माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपला लागली होती.

गाताना लागत नाहीत म्हणून व्हायोलिनचा ताफा, पियानो आणि दोन पॅड (मागे लांब रेंगाळणारे सूर) असे चार ट्रॅक मी म्यूट केले, पण तडतड तशीच राहिली. ट्रॅकचे म्यूट हे आभासी वाद्याच्या, म्हणजे संगणकातच सूर तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पुढच्या टप्प्यावर असते; वाद्य सूर तयार करतच राहते, तो फक्त आपल्यापर्यंत पोहोचत नाही. ४८,००० हर्ट्झ (सेकंदाला ध्वनीची ४८,००० मोजमापे, म्हणजे सॅम्पल) आणि १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी तयार होणारा ध्वनीचा तुकडा) असेल, तर दर २.७ मिलिसेकंदांत संगणकाला सगळ्या ट्रॅकचे गणित पुरे करावे लागते, आणि ते हुकले की मोहरी तडतडते. मी वापरतो त्या रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये म्यूट ट्रॅकवर प्रक्रिया न करण्याचा पर्याय आहे. माझ्याकडे तो बंद होता.

मग मी चारही वाद्ये बायपास केली, म्हणजे रीपरला ती वगळायला सांगितली, आणि तडतड थांबली. मात्र ऐकून पाहताना, दुसऱ्या अंतऱ्यात गाणे चालू असतानाच बायपास काढला, तर आठ मात्रा धरून ठेवलेला पॅड उमटेचना. मी वेड्यासारखा आवाजाची पट्टी तपासत बसलो. नोट सुरू झाल्याचा मिडी संदेश (कोणता सूर कधी वाजवायचा ही वाद्याला जाणारी सूचना) वाद्य बायपास असतानाच निघून गेला होता, त्यामुळे पुढची नोट येईपर्यंत ते गप्पच राहणार होते. म्यूट काढला असता, तर तोच पॅड मधूनच, पण लगेच ऐकू आला असता. आतल्या आत वाजत राहण्याचा हा फायदा. केवळ मिडीचा तुकडा म्यूट करणे ही आणखी वेगळी गोष्ट, कारण तिथे वाद्याला नोटाच मिळत नाहीत.

रॅम मात्र बायपासनेही मोकळी होत नाही, कारण व्हायोलिनची सॅम्पल्स, म्हणजे आधी मुद्रित केलेले सूर, आत ठाण मांडून बसतात. त्यासाठी रीपरमध्ये प्लगइन, म्हणजे ते आभासी वाद्यच, ऑफलाइन करावे लागते. सेटिंग प्रकल्पात राहते, पण वाद्य परत आणताना सगळी सॅम्पल्स पुन्हा भरली जातात. माझा ताफा परत येईपर्यंत काकांचा अर्धा कप चहा झाला. ज्या वाद्यात आता बदल नाही, ते फ्रीझ करून टाकणे, म्हणजे त्याचा आवाज ट्रॅकवर मुद्रित करून वाद्य बंद ठेवणे, मला त्याहून सोयीचे वाटते.

काकांचा तिसरा टेक साडेअकराला स्वच्छ मिळाला. त्यात आता फक्त एका रिक्षाचा हॉर्न आहे.