अर्ध्या अंशाचा प्रश्न: ट्रायपॉडसाठी गिअर्ड हेड निवडतानाचा माझा अनुभव

नाणी आणि हस्तलिखितांची पाने यांची छायाचित्रे काढायला लागलो, तेव्हा माझ्या ट्रायपॉडवर साधे बॉल हेड, म्हणजे कॅमेरा धरून गोळ्यावर फिरणारा वरचा भाग, होते आणि त्याविषयी माझी काहीच तक्रार नव्हती. एक मूठ सैल करायची, कॅमेरा हवा तसा फिरवायचा आणि मूठ आवळायची, इतके ते सुटसुटीत असते. नाण्यांच्या कामात मात्र मूठ आवळून हात काढला, की मध्यावर आणलेले नाणे दर वेळी जरासे सरकलेले दिसे. हे सरकणे जेमतेम अर्ध्या अंशाचे असेल. पण १:१ मॅक्रोमध्ये, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकारात उमटते तेव्हा, फुल फ्रेम सेन्सरवर अवघे ३६ × २४ मिलिमीटरचे क्षेत्र मावते, आणि नाणे हेडच्या गोळ्यापासून ३०० मिलिमीटरवर असेल तर अर्ध्या अंशामुळे तिथे सुमारे २.६ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे चौकटीच्या उंचीचा दहावा हिस्सा हातचा जातो.

पानांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. ए४ आकाराचे उभे पान ६०० मिलिमीटरवरून टिपताना कॅमेरा एक अंशाने जरी कलला, तरी पानाची एक कड दुसरीपेक्षा जवळजवळ एक टक्क्याने अरुंद येते. २१० मिलिमीटर रुंदीच्या पानात हा फरक सुमारे दोन मिलिमीटरचा असतो आणि ओळी सरळ असल्या की तो लगेच डोळ्यांत भरतो.

सुरुवातीला मला वाटले, की जास्त वजन पेलणारे हेड घेतले म्हणजे झाले. तसे एक मोठे बॉल हेड वापरून पाहिले. सरकणे कमी झाले, पण खरी अडचण तशीच राहिली, कारण पुढचा कल किंचित सुधारायला मूठ सैल केली की आडवा कल आणि दिशा हीदेखील सुटत, आणि जमलेले सगळे पुन्हा जमवावे लागे. थ्री-वे हेडमध्ये प्रत्येक अक्षाला स्वतंत्र दांडा असल्यामुळे हा प्रश्न सुटला. तरी घर्षणामुळे दांडा आधी हलतच नसे आणि हलला की गरजेपेक्षा जास्त हले. तेव्हा माझ्या लक्षात आले, की मला हवी आहे ती बाकीचे दोन अक्ष जागेवर ठेवून एकच अक्ष कणाकणाने फिरवण्याची सोय, आणि ती गिअर्ड हेडमध्ये असते. त्यातल्या वर्म गिअरमुळे (मळसूत्रासारख्या दांड्याने फिरणारे दातेरी चाक) चक्री बरीच फिरवावी तेव्हा कॅमेरा थोडासा कलतो, आणि चक्री सोडली तरी तो आहे तिथेच राहतो.

निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ गिअरमधला ढिलेपणा तपासण्यात घालवला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असे मला आजही वाटते. हेडवर कॅमेरा चढवून लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट चित्र) पूर्ण मोठा केला, समोरच्या भिंतीवरची पेन्सिलची एक खूण चौकटीत धरली, चक्री एका दिशेने फिरवली आणि मग हळूहळू उलट फिरवत खूण नेमकी कधी हलू लागते ते पाहिले. एका हेडची चक्री पाव फेरा उलट फिरेपर्यंत खूण जागची हललीच नाही. ते मी तिथेच बाजूला ठेवले. दुसऱ्याचा ढिलेपणा हाताला जाणवण्याइतकासुद्धा नव्हता. त्याला गिअर तात्पुरता सोडवणारी कळही होती आणि ती मी आवश्यक मानतो, कारण प्रत्येक मोठ्या बदलासाठी चक्री फिरवत बसणे फार कंटाळवाणे असते. कॅमेऱ्याखाली बसून हेडमध्ये अडकणारी प्लेट ३८ मिलिमीटर रुंदीची आर्का पद्धतीची घेतली. पायांवर बसणारे आटे नेहमीचे ३/८ इंची असल्यामुळे जुना ट्रायपॉड बदलावा लागला नाही.

पानाला कॅमेरा समांतर करण्यासाठी आता मी पाणसळीवर विसंबत नाही. पानाच्या जागी लहान सपाट आरसा ठेवतो आणि लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत दोन चक्र्या आळीपाळीने फिरवतो. बॉल हेडवर याच कामाला पंधरा मिनिटे लागत आणि तरीही मनात शंका राहत असे. आता दोन मिनिटांत काम होते. वजन जास्त असल्यामुळे हे हेड मी बाहेर नेत नाही, तिथे बॉल हेडच वापरतो. घरी मात्र एक सवय कसोशीने पाळतो: शेवटचा बदल नेहमी कॅमेऱ्याचे नाक वर उचलत, म्हणजे वजनाच्या विरुद्ध दिशेने करतो. त्यामुळे गिअरचे दाते एका बाजूला टेकलेले राहतात आणि हात काढल्यावर नाणे आहे तिथेच दिसते.