बारा गावचं पाणी

शुक्रवार, रात्री साडेअकरा

मॅचहून आत्ता परतलो. कानात अजून तोफ घुमते आहे. इथे ओहायोतल्या कोलंबसला, ब्लू जॅकेट्सनी, म्हणजे आमच्या आइस हॉकीच्या संघाने, गोल केला की नेशनवाइड अरेनात तोफ उडवतात. जुन्या तोफेची प्रतिकृती आहे म्हणे, पण आवाज अस्सल. लेक नाचतो, मी खुर्चीतून अर्धी उठते आणि नवरा खाली बघून हसतो.

लेकाचा जीव या संघातल्या कोल सिलिंजरवर. माझा कोलच्या बापावर, तोही त्याचा एकसुद्धा सामना न बघता! माइक सिलिंजर. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यांत मोठ्या हॉकी लीगमध्ये, 1,049 सामने, 240 गोल आणि बारा संघ. इतक्या संघांचा जर्सी घालण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. डेट्रॉइट, अनाहाइम, व्हँकुव्हर, फिलाडेल्फिया, टॅम्पा बे, फ्लोरिडा, ओटावा, कोलंबस, फिनिक्स, सेंट लुइस, नॅशव्हिल, न्यूयॉर्क आयलंडर्स. लेक ही यादी पाढ्यासारखी घडाघडा म्हणून दाखवतो.

हॉकीतलं मला काही कळत नव्हतं. रिंकच्या कडेला कुडकुडत, मुलाची प्रॅक्टिस संपायची वाट बघत जेवढं कानावर पडलं तेवढंच. पण हा माणूस कळला.

कॅनडातल्या रेजायनाचा मुलगा. तिथल्याच रेजायना पॅट्सकडून ज्युनियर हॉकीत एका हंगामात पन्नासाच्या वर गोल करणारा. 1989 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, डेट्रॉइटने त्याला पहिल्या फेरीत, अकराव्या क्रमांकावर उचललं. त्याच वर्षी त्यांनी 53 व्या क्रमांकावर निकलास लिडस्ट्रॉम घेतला, 74 व्या क्रमांकावर सर्गेई फेडोरोव्ह आणि पार 221 व्या क्रमांकावर व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्ह. लिडस्ट्रॉम पुढे वीस हंगाम त्या एकाच शहरात खेळला, चार वेळा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. आणि ज्याला सगळ्यांत आधी निवडलं, त्याचं काय? तो सेंटर, म्हणजे पुढच्या फळीत मधोमध खेळणारा, आणि सेंटरच्या जागी डेट्रॉइटकडे स्टीव्ह आयझरमन होता, फेडोरोव्ह होता. त्या दोघांच्या मागे उभं राहून पन्नास गोल कोण करणार? एप्रिल 1995 मध्ये त्याला अनाहाइमला धाडलं. जूनमध्ये डेट्रॉइट फायनलला पोचलं होतं, आणि दोन वर्षांनी कप त्यांच्या हातात. पुढे 2004 मध्ये टॅम्पा जिंकलं, 2007 मध्ये अनाहाइम. दोन्ही वेळा सिलिंजर तिथून कधीच निघून गेलेला. त्याला कप शेवटपर्यंत मिळाला नाही.

"सो अनलकी ना, आई?" लेक गाडीत म्हणाला. मी हो म्हटलं नाही. कमनशिबी माणसाला हजार सामने कोण खेळू देतं?

खरं इंगित आहे फेसऑफमध्ये. खेळ थांबला की पुन्हा सुरू करताना दोन सेंटर समोरासमोर वाकतात, पंच मध्ये पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, टाकतो, आणि निमिषात तो कोणाकडे जायचा ते ठरतं. टीव्हीवर ते आपल्याला दिसतही नाही. शेवटचं मिनिट आहे, एका गोलची आघाडी आहे आणि फेसऑफ आपल्याच गोलकीपरच्या पुढ्यात आहे, अशा वेळी कोच बेंचवर एकच चेहरा शोधतो. तो चेहरा सिलिंजरचा असायचा. कमरेत वाकायचं, काठी बर्फाला लावायची, पंचाचा हात बघायचा. पंचाला चकवून आधी हललास तर तुला बाजूला काढून दुसऱ्याला उभं करतात, म्हणजे लबाडीही बेताचीच हवी. शिवाय आपला एक गडी पेनल्टीत बसलेला असताना चार जणांनी पाचांना थोपवायचं, तेही काम याच्याकडे. ज्युनियरमधला गोलांचा राजा एनएचएलमध्ये हे शिकला. मला त्याचं कौतुक आहे ते एवढ्यासाठी. लहानपणापासून ज्या गोष्टीसाठी टाळ्या मिळाल्या ती बाजूला ठेवून जिला टाळ्या नाहीत ती गोष्ट शिकायची, आणि तिच्यावर घर चालवायचं.

मात्र असा माणूस प्रत्येक संघाला हवा असतो आणि कुणालाच त्याच्याभोवती संघ बांधायचा नसतो. म्हणून तो विकला जातो.

पहाट होईल आता. उरलेलं नंतर.

रविवार, दुपार

गंमत म्हणजे गोल करायचं तो विसरला नव्हता. 2005-06 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्याने कारकिर्दीतले सर्वाधिक 32 गोल केले. आणि त्याच हंगामात, जानेवारीत, सेंट लुइसने त्याला नॅशव्हिलला देऊन टाकलं! सेंट लुइसचा संघ त्या वर्षी तळाला होता. तळाच्या संघाकडे चालणारी वस्तू असली की ती विकायचीच असते. हिशेब बरोबर आहे, पण वाचताना घशाशी येतं.

मला सगळ्यांत जास्त अडकवणारी तारीख आहे 22 जुलै 2003. त्या दिवशी कोलंबसने डॅरिल सिडोर नावाच्या खेळाडूच्या बदल्यात त्याला डॅलसला दिलं. डॅलसने त्याच दिवशी टेप्पो नुम्मिनेनच्या बदल्यात फिनिक्सला. डॅलसचा जर्सी अंगाला लागायच्या आतच डॅलस संपलं. कोल याच कोलंबसमध्ये त्याच मे महिन्यात जन्मला होता. म्हणजे घरात दोन महिन्यांचं बाळ, त्याच्यावर दोन थोरले मुलगे, आणि एका दिवसात दोन पत्ते बदलले.

इथे करार खेळाडूबरोबर जातो, त्यामुळे पगाराचं नुकसान होत नाही. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मग बिघडलं कुठे? नवऱ्याचं प्रोजेक्ट संपून आम्हाला कनेक्टिकटहून इकडे यावं लागलं तेव्हा मलाही सगळे हेच म्हणत होते, "पगार तोच आहे ना?" पगार तोच. पण मुलांचा डॉक्टर नवा, शाळा नवी, आणि धाकट्याचा मित्र मागे राहिला त्याचं काय करायचं हे कुठल्या करारात लिहिलेलं नव्हतं. आकडेवारीच्या तक्त्यात माइकच्या नावापुढे बारा संघ दिसतात. खोकी कोणी बांधली याचा रकाना नसतो.

शेवटी खुब्याने दगा दिला. आयलंडर्सकडे हजारावा सामना झाला, मग शस्त्रक्रिया, परत आला, थोडे सामने खेळला, पुन्हा शस्त्रक्रिया. 2009 च्या ऑगस्टमध्ये निवृत्त. इतकी वर्षं वाकून उभं राहण्याचा त्यात हात होता की नाही, ते डॉक्टर जाणोत. त्यानंतर एडमंटन ऑइलर्सने त्याला आपल्या होतकरू पोरांना तयार करण्याचं काम दिलं. एडमंटन बारांच्या यादीत नाही, बरं का!

मुलं रेजायनात वाढली. 2021 च्या ड्राफ्टमध्ये कोलला बाराव्या क्रमांकावर निवडलं ते कोलंबसने. बापाच्या एक पायरी खाली, पण स्वतःच्या जन्मगावाने. अठराव्या वर्षी तो इथे एनएचएल खेळायला उभा राहिला. थोरला ओवेनही याच संस्थेत आला, क्लीव्हलँडच्या दुय्यम संघात.

कोलंबसमध्ये बापाला दोन हंगाम मिळाले होते. कोलचे त्याहून जास्त कधीच झाले. लेकाला मात्र मार्चमधल्या ट्रेड डेडलाइनचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेचा, आत्तापासून घोर लागलाय. रात्री विचारत होता, "आई, त्याला पण देऊन टाकतील का गं?" मी म्हटलं, त्याच्या बाबांना विचार. आणि आता झोप.